सेन्सेई, तासात बोलतं कोण?

प्रश्न: मी सव्वीस वर्षांची, कर्वेनगरला राहते. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकले, जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन२ पातळी झाली आहे (एन५ सर्वांत सोपी, एन१ सर्वांत अवघड), चाकणच्या एका कंपनीत दुभाष्याचं काम करते. शनिवार-रविवार शिकवण्या घेते, पण आजवरच्या सगळ्या जेएलपीटीच्या, एन५ आणि एन४. आता औंधमधल्या अकरावीच्या एका मुलीची शिकवणी आली आहे. शाळा आंतरराष्ट्रीय, घरी मराठी. पुढे अमेरिकेला शिकायला जायचं आहे आणि येत्या मे महिन्यात तिला अमेरिकेतली एपीची जपानीची परीक्षा द्यायची आहे. शाळेत हा विषय शिकवत नाहीत. एन५ ती गेल्या डिसेंबरात चांगल्या गुणांनी पास झाली, एन४चं व्याकरण निम्म्याहून जास्त झालंय. वाचते छान, पण बोलायला सांगितलं की गप्प. आईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, "पाच मिळतील ना? हमी देता का?" वडील म्हणतात, मोबाइलवर अ‍ॅप आहे, शिकवणी हवीच कशाला? आणि आई पूर्ण तास खोलीत बसून असतात. ही परीक्षा मी स्वतः कधी पाहिलेली नाही. शिकवणी घेऊ, की त्यांना कुणा जपानी माणसाकडे पाठवू? घेतली तर शिकवू कशी? फी किती सांगू?
— गोंधळलेली सेन्सेई (म्हणजे शिक्षिका)

उत्तर:

सेन्सेईबाई, वयाने लहान आहेस म्हणून सरळ 'तू' म्हणते, राग मानू नकोस.

घे ही शिकवणी. मात्र एन४च्याच वर्गावर नवी पाटी लावून घेणार असशील तर नको घेऊस. तसं केलंस तर मे महिन्यात मुलगी निम्मी परीक्षा छान देईल आणि उरलेल्या निम्म्यात गप्प बसेल, आज बसते तशीच.

आधी परीक्षा बघू. एपी म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज बोर्डाच्या, शाळकरी मुलांनी द्यायच्या पण कॉलेजच्या तोडीच्या परीक्षा. जपानीची पहिली परीक्षा २००७ साली झाली. दर मे महिन्यात असते आणि सगळी संगणकावर. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारींना प्रत्येकी २५ टक्के वजन. निकाल १ ते ५ या आकड्यांत, पाच सर्वांत वरचा. आता हे आपल्या जेएलपीटीशेजारी ठेवून बघ. पुण्यात जपानी शिकणाऱ्या घरांत जुलैचा आणि डिसेंबरचा पहिला रविवार, म्हणजे जेएलपीटीचा दिवस, कॅलेंडरवर गोल करून ठेवलेला असतो, आणि आपले बहुतेक वर्ग त्या दोन रविवारांभोवतीच फिरतात. त्यात गैर काही नाही. पण जेएलपीटीत बोलायला एक शब्द लागत नाही, लिहायलाही नाही. दिलेल्या पर्यायांतला एक निवडायचा आणि गोल काळा करायचा. एन४ला १८० पैकी ९० मिळाले आणि प्रत्येक भागातली किमान पातळी गाठली की पास. आयुष्यात एकही जपानी वाक्य तोंडाने न उच्चारता एन४ होता येतं, आणि होतात मुलं. तुझी विद्यार्थिनी त्याच वाटेवर आहे. त्यात तिचा दोष नाही आणि तुझाही नाही. तिला आजपर्यंत कुणी बोलायला लावलंच नाही.

पातळी म्हणशील तर घाबरण्यासारखं काही नाही. एपीचा अभ्यासक्रम कॉलेजातल्या साधारण ३०० तासांच्या शिक्षणाएवढा धरतात. जेएलपीटीची जुनी तिसरी पातळी, म्हणजे ढोबळमानाने आजची एन४, तीही ३०० तास, ३०० कांजी (चिनीतून आलेली शब्दचिन्हं) आणि १५०० शब्दांचीच होती. एपीची स्वतःची कांजींची यादी ४१०ची आहे. म्हणजे एन४ संपवून आणखी शंभरेक कांजी आणि वाचायला एन३च्या अलीकडले उतारे, एवढं नऊ महिन्यांत सहज होईल. वाचणारी मुलगी आहे, ते ती निम्मं स्वतःच करेल. तुझी खरी गरज दुसऱ्या अर्ध्यात आहे.

त्या अर्ध्याचा गेली कित्येक वर्षं चालत आलेला साचा सांगते. मंडळ साचे अधूनमधून बदलतं, तेव्हा तिच्या वर्षाची पुस्तिका कॉलेज बोर्डाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेच. लिहिण्यात दोन कामं. पहिलं चॅट: समोरून सहा संदेश येतात, प्रत्येकाला ९० सेकंदांत टंकून उत्तर द्यायचं. दुसरं, शाळेच्या वार्तापत्रासाठी लेख: दोन गोष्टींची तुलना, किमान तीन बाबींवर, शेवटी आपली आवड कोणती आणि का. वीस मिनिटं, ३०० ते ४०० अक्षरं. बोलण्यातही दोन. एक संभाषण, चार वेळा समोरचा बोलतो आणि दर वेळी आपल्याला २० सेकंद. आणि एक भाषण: जपानी संस्कृतीतला एखादा विषय दिला जातो, चार मिनिटं तयारीला, दोन मिनिटं बोलायला, त्यात किमान पाच मुद्दे आणि स्वतःचं मत. हे सगळं हेडफोन लावून, यंत्रासमोर. समोर मान डोलावणारं कुणी नाही.

तू स्वतः परीक्षा पाहिलेली नाहीस म्हणतेस, तर पहिलं काम तुझंच. मागच्या वर्षांचे लिहायचे-बोलायचे प्रश्न, मुलांनी दिलेली खरी उत्तरं (बोललेल्या उत्तरांच्या ध्वनिफिती धरून) आणि प्रत्येक उत्तराला ० ते ६ पैकी किती गुण का दिले, हे सगळं मंडळाच्या संकेतस्थळावर फुकट आहे. एक रविवार काढ, घड्याळ लाव आणि एक पूर्ण संच स्वतः सोडव. कंपनीत दिवसभर जपानी बोलतेस, तरी 'जपानमधल्या वाहतुकीच्या साधनांचे पाच पैलू' हे चार मिनिटांच्या तयारीवर बोलताना घसा कोरडा पडतो की नाही बघ. मग गुणांची पट्टी वाच आणि वेगवेगळ्या गुणांची नमुना-उत्तरं ऐक. एवढं केलंस की पुण्यातल्या बऱ्याच शिकवण्या घेणाऱ्यांपेक्षा या परीक्षेची तुला जास्त माहिती असेल.

आता मुद्द्याचं. पुढच्या शनिवारी तुझा तास मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि घरी येऊन ऐक. साठ मिनिटांत तू किती बोललीस आणि ती किती? माझा अंदाज आहे की तिच्या वाट्याला पाच मिनिटंही आलेली नसतील, आणि त्यातलीही बरीचशी 'हाय' (हो) आणि 'वाकारिमाशिता' (समजलं) यांत गेली असतील. आपण शिकवणारे चांगलं समजावतो, फळ्यावर रकाने आखतो, उदाहरणं देतो, आणि तास भरला की आपल्यालाच समाधान वाटतं. या परीक्षेसाठी तास असा हवा की तिची बोटं आणि तिचं तोंड अर्ध्याहून जास्त वेळ चालू राहील. व्याकरण समजावणं घरच्या वाचनावर ढकल. त्याची पुस्तकं तिच्याकडे आहेत आणि वाचायचा तिला कंटाळाही नाही.

तासाची सुरुवात चॅटने कर. तू एका खोलीत बस, तिला दुसऱ्या खोलीत लॅपटॉपसमोर बसव. मोबाइल नको, परीक्षेत कळफलक असतो. तू संदेश पाठव, ९० सेकंदांत तिचं उत्तर आलं पाहिजे. 'सुट्टीत काय करतेस?', 'जेवायला काय आवडतं आणि का?', 'तुमच्या शाळेत गणवेश आहे का, तुला त्याबद्दल काय वाटतं?' असे साधेच प्रश्न. पहिल्या दोन-तीन वेळा उत्तरं अर्धवट येतील. भाषा येत नाही म्हणून नव्हे, टंकणं जमत नाही म्हणून. हा अडथळा कुणी मोजतच नाही. रोमन कळांवरून जपानी टंकायचं म्हणजे उच्चार अक्षर-अक्षर माहीत असावा लागतो, आणि आपल्या मराठी कानाची तिथेच पंचाईत होते. आपण 'तोक्यो' ऐकतो आणि तसंच टंकतो. त्यातले दोन्ही लांब स्वर गेले की संगणक राजधानी देतच नाही. 'ओबासान' म्हणजे काकू, 'ओबाआसान' म्हणजे आजी. 'ब्योओइन' दवाखाना, 'बियोओइन' ब्यूटी पार्लर. 'कोन्निचिवा' (नमस्कार) यासाठी एनची कळ तीनदा दाबायची आणि शेवटच्या 'वा'ला 'हा' टंकायचा, हे तुझ्या बोटांना इतकं सवयीचं झालंय की तिला सांगायचं राहून जाईल.

कांजीचंही तसंच. या परीक्षेत हाताने एकही कांजी लिहायची नाही. टंकलं की यादी समोर येते, त्यातून योग्य ती उचलायची. 'आत्सुई' टंकलं की हवा गरम, वस्तू गरम आणि जाड, असे तिन्ही पर्याय समोर येतात. घाईत चुकीचा निवडला की 'आज फार जाड आहे' असं वाक्य तयार. तेव्हा चौकटीच्या वहीत एकेक कांजी वीस वेळा गिरवून घेणं बंद कर. नवी कांजी दोन-चारदा हाताने काढली की तिचे भाग लक्षात राहतात, तेवढं पुरे. उरलेला वेळ सारख्या उच्चाराच्या कांजींमधून निवड करण्यात जाऊ दे. यादीतली कांजी जिथे शोभेल तिथे वापरावी अशी अपेक्षा असते. सगळं हिरागानात, म्हणजे नुसत्या उच्चाराच्या लिपीत, लिहून चालत नाही.

आता तिचं गप्प बसणं. तू लिहिलंस, 'बोलायला सांगितलं की गप्प'. बोलायला सांगतेस म्हणजे नक्की काय करतेस? बहुधा प्रश्न विचारतेस, ती विचार करते, दोन शब्द बोलते, 'वा' या प्रत्ययाच्या जागी 'गा' म्हणते, तू लगेच 'गा नाही, वा' म्हणतेस. संपलं. आपल्या शाळांमध्ये उत्तर बरोबर असलं तरच हात वर करायची सवय लागलेली असते. त्यात मध्येच टोकणारी ताई आणि शेजारी बसलेली आई. मी तिच्या जागी असते तर मीही गप्पच बसले असते. २० सेकंदांच्या सरावात तिला अजिबात टोकायचं नाही, ही शपथ घे. चार प्रश्न तुझ्या आवाजात आधी मुद्रित करून ठेव, प्रत्येकानंतर २० सेकंदांची शांतता. ती ऐकेल, आपल्या फोनवर उत्तर मुद्रित करेल, तू तोवर खिडकीबाहेर बघ. मग दोघी मिळून ऐका. चुका कागदावर लिही, पण सांगताना दोनच सांग. बाकीच्या पुढच्या वेळी. आणि अडल्यावर काय म्हणायचं हे तिला आधीच दे: 'एऽतो' (अं...), 'सोओ देसु ने' (हं, बघू या), 'चोत्तो मुझुकाशिई देसु गा' (जरा अवघड आहे, पण...). वीस सेकंद पूर्ण शांत राहिलीस तर शून्य. चुकत का होईना, प्रश्नाला धरून दोन वाक्यं बोललीस तर काहीतरी पदरात पडतं, हे तिला गुणांच्या पट्टीवर बोट ठेवून दाखव. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना पट्टी दाखवली की पटतं, नुसतं 'लाजू नकोस' म्हणून काही होत नाही.

आणखी एक. तिला जपानी इंग्रजीतून शिकवतेस का? पाठ्यपुस्तकं इंग्रजीत असतात म्हणून आपण सगळेच शिकवतो. घरी मराठी बोलणाऱ्या मुलीला हा उलटा घास आहे. इंग्रजीतून गेली की क्रियापद शेवटी नेताना दर वाक्यात तिला थांबावं लागतं. मराठीत ते शेवटीच असतं. ते-रूपाचा अर्धा धडा मराठीत आयता मिळतो: 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन बघणं, 'काइते ओकु' लिहून ठेवणं, 'ताबेते शिमाउ' खाऊन टाकणं. बघ, ठेव, टाक, तीच क्रियापदं, त्याच जागी. इंग्रजी पुस्तकात यातल्या प्रत्येकाला एकेक पान लागतं. काना या उच्चारलिपीची ओळही आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा अशी आपल्या वर्णमालेच्याच घराण्यातली आहे. शब्दकोश चाळताना तिचा हात आपोआप बरोबर पानावर जाईल.

मराठी जिथे दगा देते तीही ठिकाणं सांग. 'तुम्ही' म्हणून दर वाक्यात 'आनाता' घालू नको. नावापुढे 'सान' लाव, नाहीतर सरळ गाळ. आणि आपण पाहुण्यांसमोर 'बाबा आत्ताच आलेत, बसा' असं घरच्यांबद्दल आदरानेच बोलतो. जपानीत बाहेरच्यांसमोर स्वतःचे वडील 'चिचि' होतात आणि आदरार्थी क्रियापदं पाहुण्यांसाठी राखून ठेवली जातात. मराठी घरातल्या मुलींना हे फार चमत्कारिक वाटतं, वडिलांना अरेतुरे केल्यासारखं. म्हणून एकदा नीट बोलून घे, नुसता नियम देऊन सोडू नकोस.

अ‍ॅनिमे बघत असणारच. बघू दे, कान तयार होतो. फक्त चॅटमध्ये अनोळखी जपानी शिक्षकाला 'ओरे' आणि 'ओमाए' (दांडगाईचे 'मी' आणि 'तू') करायला लागली तर तिथल्या तिथे पकड. 'देसु-मासु'चं नम्र रूप की साधं रूप, काहीही एक धरायचं आणि शेवटपर्यंत तेच ठेवायचं, हे तुलनेच्या लेखात स्पष्ट मागितलेलं असतं. ती तीन वाक्यं नम्र आणि चौथं मित्राला लिहिल्यासारखं लिहील, सगळीच लिहितात. त्या लेखाला एक सांगाडा पाठ करून घे: ओळख, पहिली बाब, दुसरी, तिसरी, मग मला अमुक जास्त आवडतं कारण. सांगाडा पाठ असला की वीस मिनिटं विचाराला राहतात. विषय पुण्यातलेच दे: पीएमपीच्या बसने शाळेत जाणं की सायकलने, घरचा डबा की कॅन्टीन, एकटीने अभ्यास की मैत्रिणींबरोबर. दर आठवड्याला एक लेख, घरी टंकून, घड्याळ लावून, तुला पाठवलेला.

सांस्कृतिक भाषणाला मी जरा जास्त वेळ देईन, कारण तिथे नुसत्या पाठांतरावर आलेली मुलं आणि खरोखर काही सांगायचं असलेली मुलं लगेच वेगळी पडतात. चहासमारंभावर पाच मुद्दे कुणीही पाठ करतं. 'माझं मत' आलं की पाठांतर संपतं. तू तिला सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात घेऊन जा. तास तिथेच घे. ते ओकायामाच्या कोराकुएनवर बेतलेलं आहे, आणि मूळ कोराकुएन १७०० साली तयार झालेलं, जपानच्या तीन नामांकित बागांपैकी एक. तळं, पूल, दगड, कापून ठेवलेली हिरवळ, दर वळणावर बदलणारं दृश्य: पाच मुद्दे डोळ्यांसमोर आहेत. बाकावर बसव, चार मिनिटं टिपणाला, दोन मिनिटं बोलायला. तिथे सेल्फी काढणाऱ्यांची गर्दी असते, त्या गोंगाटात बोलायची सवय झाली तर परीक्षेच्या खोलीत शेजारच्यांचे आवाजही चालून जातील. दगड नेऊन ठेवण्यामागचा विचार आपल्या बागांपेक्षा वेगळा कसा, हे तिला तिथेच सुचेल, आणि तेच तिचं मत.

आत्ता ऑगस्ट आहे, म्हणजे जपानात नुकताच ओबोन झाला. बऱ्याच भागांत तो ऑगस्टच्या मध्याला असतो: पूर्वजांचे आत्मे घरी येतात, त्यांच्या स्वागताला दारात विस्तव पेटवतात, निरोपालाही. क्योतोत १६ ऑगस्टच्या रात्री डोंगरांवर मोठाले अग्नी पेटवतात. थोड्याच दिवसांत आपला पितृपंधरवडा. मुलीने आजोबांच्या श्राद्धाचं ताट पाहिलेलं असेल, कावळ्याची वाट पाहिली असेल. तिला विचार, दोन्हीकडे घरी कोण येतं, काय खायला ठेवतात, घरचे हसरे असतात की गंभीर? ओबोनला लोक गोल करून नाचतात, आपण त्या पंधरवड्यात नवी खरेदीही टाळतो. यावर तिला बोलायला काही शोधावं लागणार नाही. मात्र एक सांभाळ: विषय जपानचा असतो. तिने दीड मिनिट पितृपक्षावर आणि अर्धं ओबोनवर घालवलं तर गुण जातील. आपलं एखाद-दोन वाक्यांत, मत सांगताना. गणपतीच्या मिरवणुकीचा आणि मिकोशीचाही (जपानी देवाच्या पालखीचा) असाच मोह होतो, विशेषतः ती ढोलपथकात असेल तर. या दिवसांत औंधला संध्याकाळी दुसरं काही ऐकूही येत नाही.

ऐकणं आणि वाचणं थोडक्यात. ऐकण्याचे काही उतारे एकदाच वाजतात, तेव्हा तासातही 'परत लावू का?' हे विचारायचं बंद. एनएचकेच्या सोप्या जपानीतल्या बातम्या रोज एक, आधी ऐकून, मग वाचून. एन४ द्यायची असेल तर डिसेंबरात देऊ दे, कांजी आणि वाचन त्यात पक्कं होईल; पण त्याच्या सराव प्रश्नपत्रिका तिने घरी सोडवायच्या, तुझ्या तासात नाही. जानेवारीनंतर जेएलपीटीचं नाव काढू नका.

जपानी माणसाकडे पाठवायचं का, म्हणतेस. पूर्ण शिकवणीसाठी नको. मराठी मुलगी 'आनाता' का घालते हे त्यांना कळणार नाही, तुला कळतं. पण महिन्यातून एकदा अर्धा तास कुणा जपानी व्यक्तीशी तिला बोलू दे. चाकण-रांजणगावमुळे पुण्यात जपानी कुटुंबं आहेत, तुझ्या कंपनीतच कुणी असेल, नाहीतर ऑनलाइन. तू तिथे बसू नकोस. तुझ्याखेरीज दुसऱ्या आवाजाची, वेगाची आणि तोंडातल्या तोंडात बोलण्याची तिला सवय हवी.

वडिलांशी वाद घालू नकोस. अ‍ॅपने शब्द आणि काना लिपी छान होतात, तिने ते चालू ठेवावं असंच सांग. अ‍ॅप तिचा लेख वाचून 'तुझं कारण पटलं नाही' म्हणत नाही, ते तू म्हणशील. आणि शिकवणी नकोच असं त्यांचं ठाम मत असेल तर पैसे देतानाही ते नाखूशच राहतील, तेव्हा दोघांशी एकदा एकत्र बोल.

आईंना हमी देऊ नकोस. गोड शब्दांत, हसत, पण नाही म्हण. 'दर आठवड्याला एक लेख, दोन चॅट आणि दोन संभाषणं तिच्याकडून करून घेईन, प्रत्येक मंडळाच्या पट्टीवर तपासून देईन, आणि फेब्रुवारीत पूर्ण सराव परीक्षा झाल्यावर ती कुठे उभी आहे ते खरं खरं सांगेन' एवढंच तुझ्या हातात आहे, तेवढंच कबूल कर. हेही विचार की पाच हवेत कशासाठी. जपानी पुढे घेणार असेल तर बरीच विद्यापीठं एपीच्या निकालावर श्रेयांक किंवा वरचा वर्ग देतात, पण किती गुणांना काय, हे प्रत्येकाचं वेगळं. कुठे तीन चालतात, कुठे पाच लागतात, आणि काही जण स्वतःची चाचणी घेतातच. मुलीने आपल्या यादीतल्या विद्यापीठांची पानं उघडून बघावीत. चारावर काम भागत असेल तर घरातलं निम्मं दडपण आजच उतरेल.

एक गोष्ट मात्र याच आठवड्यात. परीक्षा मेमध्ये असली तरी नोंदणी आदल्या वर्षीच, दिवाळीच्या आसपास उरकावी लागते, आणि सगळी केंद्रं सगळे विषय घेत नाहीत. जपानीला कळफलकाची, ध्वनिमुद्रणाची वेगळी सोय लागते. तेव्हा तिची शाळा हा पेपर घेते का, नसेल तर जवळचं कोणतं केंद्र घेतं आणि बाहेरच्या विद्यार्थ्याला बसू देतं का, हे शाळेच्या एपी समन्वयकाला लेखी विचारायला सांग. पुण्यात सोय झाली नाही तर मुंबई किंवा आणखी लांब जावं लागेल. ते ठरल्याशिवाय पहिल्या महिन्यापलीकडची फी घेऊ नकोस.

फी म्हणशील तर एन४ला घेतेस त्याच्या दीडपट सांग. कारण सांगायला संकोचू नकोस: एन४चा तास संपला की संपतो, इथे घरी येऊन तुला तिच्या ध्वनिफिती ऐकायच्या आहेत, लेख तपासायचे आहेत. महिन्याची रक्कम ठरव, महिन्याच्या सुरुवातीला घे. ऐनवेळी रद्द झालेल्या तासाचं काय, तेही आत्ताच बोल. आपल्याकडे शिकवणाऱ्या बाईने पैशाचं बोललं की लोकांना जरा वेगळं वाटतं, वाटू दे. निकालावर बक्षीस वगैरे बोलणं निघालं तर पेढे चालतील म्हण.

राहिल्या आई. त्यांना बाहेर जा म्हणू नकोस. परीक्षेत ती हेडफोन लावून एकटी बसणार आहे, म्हणून सरावही एकटीने, हे सांग. त्यांना पटेल, कारण त्यात परीक्षा आहे. बदल्यात दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दहा मिनिटं त्यांच्यासाठी ठेव. महिन्याच्या सुरुवातीची आणि शेवटची अशा दोन ध्वनिफिती ऐकव. जपानी येत नसलं तरी वीसपैकी किती सेकंद लेक बोलतेय हे त्यांना घड्याळावर कळेल. आणि चहा तास संपल्यावर आणा म्हणावं. मध्येच कपबशी वाजली की ते मुद्रण पुन्हा करावं लागतं.